निरीक्षणगृहातल्या ५० प्रश्नावल्या भरून घेण्याआधी

प्रश्न असा आहे: एमएसडब्ल्यूचं (समाजकार्याच्या पदव्युत्तर पदवीचं) दुसरं वर्ष, हातात आठ महिने, लघुप्रबंधाचा विषय ‘निरीक्षणगृहातील बालगुन्हेगारांचे पुनर्वसन : एक अभ्यास’. जिल्ह्याच्या निरीक्षणगृहात जाऊन ५० मुलांकडून प्रश्नावली भरून घ्यायची आहे. परवानगी कुणाकडून घ्यायची, प्रश्न कोणते ठेवायचे, मुलं पुन्हा गुन्ह्याकडे वळतात त्याचं प्रमाण कसं काढायचं, आणि जाताना खाऊ नेला तर चालेल का, असं तुम्ही विचारलंय. चारही उत्तरं देतो, पण क्रम बदलून. कारण परवानगी मिळाली, ५० प्रश्नावल्या भरल्या, तरी या आराखड्यातून पुनर्वसनाबद्दल फारसं काही हाती लागणार नाही. तुम्ही जिथं पुनर्वसन शोधायला निघालाय, तिथं ते बहुतेक वेळा सुरूच झालेलं नसतं.

बाल न्याय कायदा, २०१५ च्या कलम ४७ मध्ये निरीक्षणगृहाच्या व्याख्येत ‘पुनर्वसन’ हा शब्द आहे, हे खरं. पण तिथं मुलाला ठेवायचं ते चौकशी चालू असेपर्यंत, तात्पुरतं. म्हणजे तिथल्या मुलावर अजून काहीही शाबीत झालेलं नाही. म्हणून शीर्षकातला ‘बालगुन्हेगार’ आधी खोडा. कायद्याचा शब्द ‘विधिसंघर्षग्रस्त बालक’ आहे, आणि कलंक लावणारी भाषा टाळणं हे कलम ३ मधलं तत्त्वच आहे. त्याच हिशेबाने ‘अटक’ नाही, ‘ताब्यात घेतले’. ‘खटला’ नाही, ‘चौकशी’. तोंडी परीक्षेत बाहेरचे परीक्षक पहिलं बोट इथंच ठेवतात.

आता नमुन्याचं गणित. कलम १२ प्रमाणे गुन्हा जामीनपात्र असो वा नसो, मुलाला जामीन देणं हा नियम आणि नाकारणं हा अपवाद. त्यामुळे बरीच मुलं काही दिवसांत घरी जातात. मागे राहतात ती दोन प्रकारची: आरोप फार गंभीर असलेली, आणि जामिनाच्या कागदावर सही करायला कोणी आलंच नाही अशी. समजा एखाद्या गृहात महिन्याला २० मुलं येतात. त्यातली १६ पाच-पाच दिवस राहतात, ४ नव्वद-नव्वद दिवस. कुठल्याही एका दिवशी तुम्ही गेलात तर पहिल्या गटातली सरासरी तीनेक मुलं भेटतील आणि दुसऱ्या गटातली बारा. आलेल्यांत पाचातलं एक असलेलं मूल तुमच्या नमुन्यात पाचातल्या चार जागा व्यापतं. यावरून ‘विधिसंघर्षग्रस्त बालके प्रामुख्याने विस्कळीत कुटुंबांतून येतात’ असा निष्कर्ष निघाला, तर तो मुलांबद्दलचा नसतो. ज्यांचं कुटुंब जामिनाला येऊ शकलं नाही तेवढीच मुलं तुम्हाला भेटली, एवढंच त्यातून कळतं. वर्षानुवर्षं याच विषयाचे लघुप्रबंध हा निष्कर्ष एकमेकांकडून उतरवून घेतात. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या वार्षिक तक्त्यात मात्र ताब्यात घेतलेल्यांतली बहुसंख्य मुलं आईवडिलांसोबतच राहणारी असतात. फरक कुठून येतो ते वरच्या गणितात आहे.

मग पाहायचं काय? मुलांची प्रकरणं चालवणाऱ्या बाल न्याय मंडळाच्या आदेशापासून सुरुवात करा. चौकशीअंती कलम १८ खाली हे मंडळ समज देऊन घरी पाठवू शकतं, समुपदेशन लावू शकतं, समाजसेवा करायला सांगू शकतं, दंड करू शकतं, चांगल्या वर्तणुकीच्या हमीवर पालकांच्या किंवा योग्य संस्थेच्या ताब्यात जास्तीत जास्त तीन वर्षं परिविक्षेवर (देखरेखीखाली) सोडू शकतं, किंवा तीन वर्षांपर्यंत विशेष गृहात पाठवू शकतं. पुनर्वसन नावाची गोष्ट असेल तर ती या आदेशात आणि त्याच्या अंमलात असते. तुमचा प्रश्न असा करा: ‘अमुक जिल्ह्यात गेल्या तीन वर्षांत मंडळाने दिलेले आदेश सामाजिक तपास अहवालावर कितपत आधारलेले होते, आणि आदेशानंतर सहा महिन्यांत त्यांचं काय झालं?’ आठ महिन्यांत होण्याजोगा आहे, आणि उत्तर कोणत्याही बाजूने आलं तरी उपयोगी आहे.

इथं एक गोष्ट वेगळी काढतो, कारण तुमच्या आराखड्याच्या प्रस्तावनेत ती चुकली आहे. मे २०२४ मधल्या पुण्याच्या कल्याणीनगर अपघातानंतर (गाडी चालवल्याचा आरोप एका अल्पवयीन मुलावर होता) ‘३०० शब्दांचा निबंध’ सगळीकडे गाजला. तो निबंध, वाहतूक पोलिसांबरोबरचं काम, समुपदेशन या जामिनाच्या अटी होत्या. कलम १८ चा अंतिम आदेश नव्हता. त्या मुलाला पुढे निरीक्षणगृहात ठेवलं गेलं आणि जून २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने सोडायला सांगितलं, तोही ताब्याच्या कायदेशीरपणाचा मुद्दा होता. जामिनाची अट आणि पुनर्वसनाचा आदेश यांची गल्लत वर्तमानपत्रांत चालून जाते, प्रबंधात चालत नाही.

आता कागद. मुलाला ताब्यात घेतल्यावर बालकल्याण पोलीस अधिकारी सामाजिक पार्श्वभूमी अहवाल भरतो. केंद्राच्या २०१६ च्या आदर्श नियमांत तो नमुना १. मुलाला २४ तासांच्या आत मंडळासमोर आणायचं. पहिल्यांदा हजर केल्यापासून १५ दिवसांत परिविक्षा अधिकाऱ्याने सामाजिक तपास अहवाल द्यायचा, तो नमुना ६. वैयक्तिक काळजी योजना नमुना ७. राज्याचे स्वतःचे नियम २०१८ चे आहेत; नमुन्यांची मांडणी ताडून पाहा आणि प्रबंधात कोणत्या नियमांतला नमुना वापरला ते लिहा.

नमुना ६ हातात आला की घाई करू नका. कुटुंबातली माणसं, प्रत्येकाचं शिक्षण, कामधंदा, उत्पन्न, शाळा का सुटली, मित्र कोण, सवयी, मुलावर कधी अत्याचार झाला का, शेजारी काय म्हणतात, शेवटी अधिकाऱ्याचं विश्लेषण आणि शिफारस. सगळा जीव या शेवटच्या भागात असतो. तिथं दोन प्रकारचं लिखाण सापडतं. एक असं: ‘कुटुंबाची आर्थिक परिस्थिती हलाखीची असून बालकास वाईट मित्रांची संगत आहे. पालकांचे दुर्लक्ष आहे. बालकास समुपदेशनाची गरज आहे.’ ही तीन वाक्यं राज्यातल्या कुठल्याही मुलाच्या फाईलला लावा, बसतील. दुसरं असं: ‘आईवडील दिवाळीनंतर ऊसतोडीला जातात, एप्रिलमध्ये परततात. तेवढे महिने मुलगा आजीकडे असतो. शाळेच्या हजेरीपत्रकात डिसेंबरपासून गैरहजर. घटना जानेवारीतली.’ दुसऱ्या परिच्छेदातून आदेश आपोआप सुचतो: टोळी गेली की मुलगा हंगामी वसतिगृहात राहील आणि शाळेत टिकेल अशी सोय. पहिल्यातून फक्त ‘समुपदेशन’ सुचतं, कारण तो सगळ्यांनाच लागू पडणारा शब्द आहे.

हेच मोजता येतं. प्रत्येक निकाली फाईलला पाच गोष्टी तपासा आणि हो-नाही लिहा: गृहभेटीची तारीख आहे का, शाळेशी किंवा मालकाशी बोलल्याची नोंद आहे का, मुलाचं स्वतःचं म्हणणं त्याच्या शब्दांत कुठं आलंय का, शिफारस त्या मुलाच्या परिस्थितीशी जोडलेली आहे का, मंडळाने शिफारस घेतली का, घेतली नसेल तर कारण दिलंय का. चौथा मुद्दा मताचा आहे, म्हणून दहा फायली सहाध्यायीकडून स्वतंत्रपणे तपासून घ्या आणि दोघींचं उत्तर किती वेळा जुळतं ते छापा. त्या सहाध्यायीचं नावही परवानगीच्या अर्जात हवं. सोबत चार तारखा उतरवा: पहिली हजेरी, जामिनाचा आदेश, प्रत्यक्ष सुटका, अंतिम आदेश. जामिनाचा आदेश झाला पण सुटका नाही, असं सात दिवसांहून जास्त दिसलं तर थांबा. कलम १२(४) सांगतं की सात दिवसांत अटी पुऱ्या करता आल्या नाहीत तर मुलाला अटी बदलण्यासाठी मंडळासमोर आणायचं. ते किती वेळा झालं, एवढं एकच कोष्टक नीट मांडलंत तरी प्रबंधाचे पैसे वसूल.

वेळेचा अंदाज: रेकॉर्ड बाहेर मिळत नाही, तिथंच बसून वाचायचं. पहिल्या दहा फायलींना प्रत्येकी पाऊण तास लागतो, पुढे वीस-पंचवीस मिनिटं. मंडळाची बैठक बऱ्याच जिल्ह्यांत आठवड्यातून एक-दोन दिवसच असते आणि त्या दिवशी कर्मचाऱ्यांना मान वर करायला फुरसत नसते. बैठक नसलेला दिवस मागा. ४० फायलींना आठ-नऊ दिवस धरा. सात वर्षांहून जुन्या फायलींचा बेत करू नका. अपिलाची मुदत किंवा सात वर्षांनंतर हे अभिलेख नष्ट करायचे असतात. कलम २४ चा हेतूच तो आहे, मुलाच्या मागे डाग राहू नये.

यावरूनच तुमचा तिसरा प्रश्न. पुन्हा गुन्हा करण्याचं प्रमाण एका विद्यार्थिनीला काढता येत नाही, आणि काढलंय असं भासवू नका. मुलगा अठरा ओलांडतो, पुढचं प्रकरण झालं तर ते नेहमीच्या न्यायालयात जातं. मंडळाची फाईल आणि ते प्रकरण जोडणारा कुठलाही दुवा नसतो, असता कामाही नये. शेजारच्या जिल्ह्यात ताब्यात घेतला गेला तर तुमच्या जिल्ह्याला पत्ता नसतो. गुन्हे नोंद विभागाच्या अहवालात पुन्हा ताब्यात आलेल्यांचा तक्ता आहे, पण तो त्या वर्षी ताब्यात घेतलेल्यांपैकी आधी कधी आलेले किती, हे सांगतो. तुम्हाला हवं ते उलटं आहे: या वर्षी सुटलेल्यांपैकी पुढे किती परत आले. पहिल्याला दुसऱ्याच्या जागी वापरलं की उत्तर हमखास चुकतं.

त्या अहवालाच्या बाकी आकड्यांचंही असंच. २०२१ साली देशभरात विधिसंघर्षग्रस्त मुलांची ३१,१७० प्रकरणं नोंदली गेली, २०२२ साली ३०,५५५. यावरून ‘मुलांमधली गुन्हेगारी घटली’ असं लिहिण्याआधी हे प्रकरणांचे आकडे आहेत, मुलांचे नाहीत, हे लक्षात घ्या. २०२२ च्या ३०,५५५ प्रकरणांत मुलं ३७,७८० होती. शिवाय आदर्श नियमांप्रमाणे अतिगंभीर आरोप असेल किंवा प्रौढ माणूस सोबत असेल तरच प्राथमिक खबर (एफआयआर) नोंदवायची, एरवी ठाणे दैनंदिनीत नोंद आणि सामाजिक पार्श्वभूमी अहवाल एवढंच. हे कुठं पाळलं जातं, कुठं सरसकट गुन्हा दाखल होतो. आकडा वर-खाली होण्यात पोलीस ठाण्याच्या सवयीचाही वाटा असतो.

मग प्रमाणाऐवजी काय घ्यायचं? टिकाव. आदेशानंतर सहाव्या महिन्यात मुलगा शाळेत, आयटीआयमध्ये किंवा कामावर आहे का. त्याच्याकडे शाळा सोडल्याचा दाखला, आधार आणि बँक खातं आहे का. दहावी राहिली असेल तर बाहेरून परीक्षेला बसण्याचा १७ नंबरचा फॉर्म भरला का. परिविक्षा अधिकारी किती वेळा भेटला, कुठं भेटला. अठरा पूर्ण होऊन संस्थेतून बाहेर पडला असेल तर अनुरक्षणाची (बाहेर पडल्यानंतरच्या आधाराची) मदत मिळाली का. मिशन वात्सल्य या केंद्राच्या बाल संरक्षण योजनेत ती महिना ४,००० रुपये आहे. दाखल्याचा मुद्दा क्षुल्लक वाटेल, पण निम्मी गाडी तिथं अडते. शाळा दाखला देताना शेरा मारते, नाहीतर ‘पालकांना घेऊन ये’ म्हणते, आणि पालक त्या शाळेची पायरी चढायला लाजतात. पुढे एकोणिसाव्या वर्षी सुरक्षारक्षकाच्या नोकरीसाठी चारित्र्य पडताळणी लागते. निकाली प्रकरणातली नोंद चारित्र्य दाखल्यासाठी पोलिसांनी उघड करायची नाही असं कलम ७४(२) म्हणतं. ते पाळलं गेलं का, हे विचारण्याजोगं आहे.

गुन्ह्यांची वर्गवारी करताना आणखी एक खड्डा. तीन वर्षांपर्यंत शिक्षेचे किरकोळ, तीन ते सात वर्षांचे गंभीर, आणि किमान सात वर्षं किंवा त्याहून अधिक शिक्षा ठरलेले अतिगंभीर. कमाल शिक्षा सातपेक्षा जास्त पण किमान ठरवलेलीच नाही, अशांचं काय, हा घोळ सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२० मध्ये शिल्पा मित्तल प्रकरणात सोडवला: ते गंभीर धरायचे, अतिगंभीर नाहीत. २०२१ च्या दुरुस्तीने, जी १ सप्टेंबर २०२२ पासून लागू झाली, ते कायद्यातच आलं. तीन वर्षांच्या फायली घेताना त्या तारखेच्या अलीकडच्या-पलीकडच्या फायली एकाच व्याख्येने मोजल्यात ना, हे पाहा.

आणि ‘अतिगंभीर’ या एका रकान्यात काय काय येतं ते उघडून बघा. त्यात खून आहे. त्यात सामूहिक अत्याचारही आहे. पण सोळा-सतरा वर्षांचा मुलगा आणि सोळा-सतरा वर्षांची मुलगी पळून गेली, मुलीच्या घरच्यांनी तक्रार दिली, आणि पोक्सोचं (मुलांवरच्या लैंगिक अत्याचारांविरुद्धच्या कायद्याचं) कलम ४ लागलं, हेही त्याच रकान्यात बसतं, कारण २०१९ च्या दुरुस्तीनंतर त्या कलमाची किमान शिक्षा दहा वर्षं आहे. सोळा पूर्ण झालेल्या मुलाची मग बाल न्याय कायद्याच्या कलम १५ खाली, त्याच्यावर प्रौढासारखा खटला चालवायचा का हे ठरवण्यासाठी, प्राथमिक पडताळणी होते. तीन अगदी वेगवेगळ्या मुलांसाठी ‘अतिगंभीर : इतके टक्के’ असा एक आकडा दिलात तर वाचणाऱ्याच्या डोळ्यांसमोर फक्त पहिला प्रकार उभा राहतो. या रकान्याची फोड करा. पळून जाण्याची प्रकरणं वेगळी काढता येतात. तपास अहवालात मुलीचं वय आणि दोघांची ओळख नोंदलेली असते.

जातीच्या रकान्याबाबत सावध राहा. पारधी किंवा इतर विमुक्त समाजातल्या मुलाच्या अहवालात ‘वस्तीत गुन्हेगारी वातावरण’ असं लिहिलेलं सापडेल. काही जमातींना सरसकट गुन्हेगार ठरवणारा, १८७१ पासून चालत आलेला गुन्हेगार जमाती कायदा १९५२ मध्ये रद्द झाला, पण लेखणीतून गेलेला नाही. असं वाक्य माहिती म्हणून उचलू नका. अहवाल लिहिणाऱ्याची नजर म्हणून वेगळं नोंदवा, तेही एक निरीक्षण आहे.

परवानगी. मुलांना भेटायचं असेल तर अर्ज जिल्हा महिला व बाल विकास अधिकाऱ्यांमार्फत पुण्याच्या महिला व बाल विकास आयुक्तालयाकडे. फायली पाहायच्या असतील तर मंडळाच्या प्रधान दंडाधिकाऱ्यांकडे स्वतंत्र. राज्यातली बरीच निरीक्षणगृहं जिल्हा परिविक्षा व अनुरक्षण संघटना चालवतात, तिथं संघटनेच्या सचिवांचं संमतिपत्रही लागतं. मुंबईत डोंगरीला चिल्ड्रन्स एड सोसायटी आहे. अर्जाला विभागप्रमुखांचं पत्र, मार्गदर्शकांचं पत्र, नैतिकता समितीची मान्यता, दोन पानांचा मराठी आराखडा, सगळे प्रश्न जसेच्या तसे, संमतीचे नमुने आणि गोपनीयतेचं हमीपत्र जोडा. आराखडा मराठीतच द्या. तो कार्यासनावरचा लिपिक वाचून टिपणी लिहिणार आहे, आणि त्याला जे एका वाचनात समजत नाही ते ‘अधिक माहिती मागवावी’ या शेऱ्यानिशी परत येतं. आवक क्रमांक घेतल्याशिवाय टेबलावरून उठू नका. दोन ते चार महिने धरून चाला. फक्त फायलींचा अभ्यास असेल तर सहसा लवकर होतं, म्हणूनही तो आधी.

तेवढ्या काळात माहिती अधिकाराचे अर्ज टाका. आपल्या राज्यात एका अर्जात एकच विषय, १५० शब्दांत, १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प. म्हणून तीन वेगळे अर्ज करा: निरीक्षणगृहातली दरमहा आवक-जावक, परिविक्षा अधिकाऱ्यांची मंजूर आणि भरलेली पदं, आणि कलम १६ प्रमाणे मंडळ दर तिमाहीला प्रलंबित प्रकरणांची जी माहिती मुख्य न्यायदंडाधिकारी आणि जिल्हाधिकाऱ्यांना पाठवतं, त्या गेल्या बारा तिमाहींच्या प्रती. एकत्रित आकडेच मागा, मुलानिहाय काही मागू नका. नाकारतील, आणि नाकारायलाच हवं. दुसऱ्या अर्जाचं उत्तर आलं की बाकी पुष्कळ उलगडतं. जिल्हा बाल संरक्षण कक्षात ‘विधी तथा परिविक्षा अधिकारी’ हे पद असतं, बहुधा कंत्राटी. गृहभेट करायची, अहवाल लिहायचा, तारखेला हजर राहायचं, आणि परिविक्षेवरच्या मुलांचा मागोवाही घ्यायचा. पंधरा दिवसांत अहवाल का येत नाही आणि आला तर तीन वाक्यांचा का येतो, याचं निम्मं उत्तर त्या कोष्टकात असतं. अधिकाऱ्याला दोष देणारा परिच्छेद लिहिण्याआधी भागाकार करून बघा.

एवढं करूनही मुलांशी बोलायचंच असेल तर संख्या कमी ठेवा, आठ-दहा पुरेत. नियम एकच, पण कडक: ज्या घटनेबद्दल चौकशी चालू आहे तिच्याबद्दल एकही प्रश्न नाही. ‘तू हे का केलंस?’ या प्रश्नात त्याने केलंय हे आधीच गृहीत धरलेलं असतं. आणि त्याने सांगितलं तर? वकिलाला अशिलाच्या गोपनीयतेचं संरक्षण असतं, संशोधकाला नसतं. तुमची वही मागवली जाऊ शकते. तसंच पोक्सो कलम १९ प्रमाणे लैंगिक अत्याचाराची माहिती कळली तर ती पोलिसांना कळवणं तुमच्यावरही बंधनकारक आहे, न कळवणं हा कलम २१ खाली गुन्हा आहे. संमतीपत्रात ‘तू सांगशील ते कुणालाही कळणार नाही’ असं लिहिलंत, तर ते खोटं आश्वासन ठरतं. साध्या शब्दांत सांगा: ‘तुझं नाव मी कुठं लिहिणार नाही. पण तुला कुणी त्रास दिला असं तू सांगितलंस, तर मला ते कळवावंच लागेल.’ भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची (आयसीएमआर) २०१७ ची मार्गदर्शक तत्त्वं बारा ते अठरा वयोगटासाठी मुलाची लेखी सहमती आणि पालकांची संमती दोन्ही मागतात. तीच चौकट धरा. अधीक्षकांची सही पालकांच्या सहीला पर्याय नाही.

प्रश्न कसे? ‘येथील पुनर्वसन सेवांबाबत तू समाधानी आहेस का?’ याला उत्तर ‘हो मॅडम, जेवण चांगलं आहे’ एवढंच येतं, कारण काळजीवाहक दारात उभा असतो आणि तुम्ही त्याच्याच पाहुण्या आहात. काल सकाळी उठल्यापासून रात्रीपर्यंत काय काय केलं, ते कागदावर ओळीने काढायला सांगा. शिकवणी किती वेळ, टीव्ही किती, नुसतं बसणं किती, सगळं त्या कागदावर येतं. घरून शेवटचं कोण भेटायला आलं, किती लांबून आलं, गाडीभाडं किती लागलं. बाहेर गेल्यावर पहिल्या सोमवारी कुठं जाशील. मुलं तुम्हाला हमखास विचारतील, ‘मॅडम, माझी तारीख कधी आहे?’ त्यांना वाटतं बाहेरचं माणूस आलं की सुटकेचं काहीतरी होणार. बोलणं सुरू करण्याआधीच सांगा की तुमच्या हातात तारीख, बेल, सुटका यातलं काहीच नाही आणि बोललं-न बोललं तरी फरक पडणार नाही. ते ऐकून दोन मुलं उठून गेली तर समजा तुमची संमती खरी होती.

घरी परतलेल्या मुलांना भेटायचं असेल तर पत्ता फाईलमधून उतरवून थेट दारात जाऊ नका. परिविक्षा अधिकाऱ्यामार्फत आधी विचारणा, होकार आला तर त्यांनी ठरवलेल्या जागी भेट. गळ्यात ओळखपत्र, हातात फाईल घेतलेली बाई वस्तीत शिरली की संध्याकाळपर्यंत ‘त्यांच्याकडं कोण आलं होतं?’ सुरू होतं. कलम ७४ नाव, पत्ता, शाळा आणि ओळख पटेल असा कोणताही तपशील उघड करायला मनाई करतं; सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. प्रबंध ग्रंथालयात जातो, मग विद्यापीठाच्या संग्रहातून सगळ्यांना दिसतो. ‘अमुक तालुका, मुलगी, १६ वर्षे, खुनाचा आरोप’ एवढं छापलंत तर नाव लिहायची गरजच नाही. त्या तालुक्यात अशी एकच असते. कोष्टकातल्या ज्या चौकटीत पाचपेक्षा कमी संख्या येईल ती शेजारच्या चौकटीत मिसळा, तालुका काढून टाका, आणि मुलींची संख्या हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी असेल तर त्यांचं वेगळं कोष्टक करूच नका.

दुसऱ्या प्रकरणातला इतिहास चार पानांत आटपा. १८५७ ची डेव्हिड ससून शाळा, १९२४ चा मुंबईचा मुलांचा कायदा, मग १९८६, २०००, २०१५ चे बाल न्याय कायदे. रोमन कायद्यापासून सुरुवात केलेली साठ पानं कोणी वाचत नाही.

राहिला खाऊ. चालतो, पण शेवटच्या दिवशी, सगळं बोलणं संपल्यावर, आणि फक्त तुमच्याशी बोललेल्या मुलांना नाही तर त्या दिवशी गृहात असलेल्या सगळ्यांना पुरेल एवढा, अधीक्षकांच्या हाती. आधी दिलात तर सहमती विकत घेतल्यासारखी होते, आणि निवडक मुलांना दिलात तर रात्री त्यांना बाकीच्यांना त्याचा हिशेब द्यावा लागतो. पाकीटबंद वस्तूच न्या, घरचे लाडू बहुतेक ठिकाणी गेटवरच राहतात. संख्या आदल्या दिवशी फोन करून विचारा, कारण सकाळी २२ असलेली मुलं दुपारच्या तारखेनंतर १७ असू शकतात, किंवा २६.